डाव्या बाजूचं मडगार्ड

लातूरला ऑक्टोबर लागला की हवेला सोयाबीनचा वास येतो. शहराबाहेर मळणीयंत्रं धडधडायला लागतात आणि त्यांचं बारीक, टोचरं भुसकट वाऱ्यावर बसून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीपर्यंत येतं. वाळत घातलेल्या ओढणीवर बसतं, कुंडीतल्या पानांवर बसतं, चष्म्याच्या काचेवर बसतं. मोंढ्याच्या रस्त्याला पोत्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागते. दुपारी ऊन असं की स्कूटरच्या सीटवर हात ठेववत नाही, आणि संध्याकाळी मात्र एक हलकी झुळूक सुटते, तिच्यानं सगळं माफ होतं. माझ्या भोवतालच्या माणसांना हे दिवस आवडतात. पीक घरात येतं, सण तोंडावर असतात, बाजार फुललेला असतो.

मला या दिवसांत कुणाच्या नजरेला नजर देऊ नये असं वाटतं. तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, असंच ऊन असताना, मी एका माणसाबद्दल एक वाक्य बोलले होते. रागानं नाही, ठरवूनही नाही. हसत हसत बोलले होते. भुसकट घशात गेलं की खोकला येतो ना, तसं ते वाक्य दर ऑक्टोबरात घशाशी येतं, आणि काही केल्या खाली उतरत नाही.

माझे बाबा एका सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. वीस-बावीस वर्षं त्यांनी एकच गाडी चालवली. गोल नाकाची, पुढच्या चाकांवर दोन फुगीर मडगार्डं असलेली, मागे लाकडी हौदा असलेली जुनी पिकअप. धर्माबादपासून लोह्यापर्यंत ती बियाणांची पोती न्यायची, मातीचे नमुने आणायची, कधी साहेबांच्या घरचा गॅस सिलिंडरही. पुढे खात्यानं ती लिलावात काढली तेव्हा बाबांनीच ती घेतली. माय कपाळाला हात लावून म्हणाली होती, "नोकरी सुटली तरी नोकरीचं ओझं घरी घेऊन आले." मुदखेडला आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी राहिली. बाबा रोज सकाळी अंघोळीच्या आधी तिला फडक्यानं पुसायचे. पुसता पुसता आम्हा भावंडांना ऐकवायचे, "माझ्या हातून या गाडीला कधी ओरखडा आला न्हाई." आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं की दुसऱ्यांच्या वडिलांच्या पदव्या असाव्यात तशी ती आमच्या वडिलांची पदवी होती.

बाबा गेले आणि पुसणं थांबलं. शेडच्या पत्र्याला एक भोक पडलं होतं. पाच-सहा पावसाळे त्यातून पाणी नेमकं डाव्या मडगार्डवर गळत राहिलं. मी एका सुट्टीत तिथे हात ठेवला तर बोटं आरपार गेली. भिजलेल्या बिस्किटासारखा पत्रा हातात आला.

त्या दिवशी मी ठरवलं, ही गाडी पुन्हा उभी करायची. मी लातूरच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. स्थापत्यच्या मुलांना सर्वेक्षण शिकवते, म्हणजे जमीन मोजायला शिकवते. लग्न केलं नाही, पगार बरा आहे, आणि बाबांसाठी काही करायचं राहून गेलं ही टोचणी होती. विजयादशमीला आमच्या वस्तीतल्या विहारापासून मिरवणूक निघते. मनात चित्र तयार झालं: मिरवणुकीच्या पुढे बाबांची पिकअप, झेंडूच्या माळा, आणि ड्रायव्हरशेजारी पांढऱ्या साडीतली माय.

इंजिनाचं काम मुदखेडलाच एका मिस्त्रीनं केलं. पण पत्र्याच्या कामाला सगळ्यांनी एकच नाव सांगितलं. नांदेडचे हरनाम उस्ताद.

गॅरेजांच्या एका गल्लीत, कडुलिंबाखाली त्यांचं दुकान होतं. पुढच्या भागात त्यांचा मुलगा बलबीर सीटकव्हर, हॉर्न, काचेवरच्या जाळ्या विकायचा. मागच्या मोकळ्या जागेत उस्तादांचं डेंटिंगचं काम चालायचं. सत्तरीचे, उंच, केशरी पगडीखाली पांढरीशुभ्र दाढी, आणि हात मात्र तीस वर्षांच्या पैलवानाचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा हिंदीत बोलायला लागले. त्यांनी हातातली हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, मराठीत बोला की. आमच्या सात पिढ्या या गोदावरीचं पाणी पिऊन राहिल्या."

मी सांगितलं, इंटरनेटवर शोधलं पण या गाडीचं डावं मडगार्ड कुठंच मिळत नाही.

"मिळून काय करता? दुसऱ्या गाडीचं मडगार्ड ते. तुमच्या गाडीला कसं ओळखंल?" ते म्हणाले. "पत्रा आणतो. हातानं बनवतो."

त्या उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक शनिवारी मी सकाळच्या बसनं लातूरहून नांदेडला जायचे. ते शनिवार माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. उस्ताद वाळूच्या पिशवीवर सपाट पत्रा ठेवायचे आणि लाकडी मोगरीनं त्याला ठोकत बसायचे. ठोका मोठा नसायचा. एका लयीत, न थकता, तासन्‌तास. सकाळी वहीच्या पानासारखा असलेला पत्रा दुपारपर्यंत भाकरीसारखा फुगायला लागायचा. मधूनच ते थांबायचे, डोळे मिटायचे आणि तळहात त्यावरून फिरवायचे. झोपलेल्या बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग खडूनं एक गोल काढायचे आणि पुन्हा तिथेच चार ठोके.

"डोळे मिटून काय बघता?" मी विचारलं होतं.

"डोळ्याला चकाकी दिसती. उंचवटा हाताला कळतो."

त्यांनी माझा हात धरून पत्र्यावर ठेवला. मला काहीच कळलं नाही. ते हसले. "कळंल. सहा महिन्यात कळंल. तुम्ही शिकवता ना? मग शिकता पण येईल." बलबीर पुढून दोन कप चहा घेऊन यायचा, एक मला, एक त्यांना. उस्ताद बशीत ओतून प्यायचे. त्यांच्या चहात साखर नसायची, आणि मी नसताना ते घालून पितात अशी तक्रार बलबीर माझ्याकडे करायचा. मी घरचीच झाले होते.

मग तो शनिवार आला.

विजयादशमी दहा दिवसांवर होती. मिस्त्रीनं इंजिन सुरू करून महिन्याभरापूर्वीच पिकअप नांदेडला आणून दिली होती, आणि उस्तादांनी गाडीवर धरून धरून जुळवलेलं मडगार्ड आता बोल्ट लावून बसवलं होतं. अजून रंग नव्हता. कोरा पत्रा उन्हात चमकत होता. दाराजवळची फट आगकाडीएवढी, वरपासून खालपर्यंत सारखी. पुढे जाळीपाशी पत्र्याला पत्रा असा टेकलेला की जणू एकाच तुकड्यातून निघालेला. मी टाळ्या वाजवल्या. मग दहा पावलं मागे सरकून पाहिलं आणि मला खटकलं. चाक मडगार्डच्या कमानीत मधोमध नव्हतं. किंचित मागे होतं. उजव्या बाजूला जाऊन पाहिलं. तिथे बरोबर मधोमध.

मी पर्समधून टेप काढली. माझ्या पर्समध्ये कायम टेप असते. दोन्ही मडगार्डं मोजली.

"उस्ताद, हे तीन सूत लांब झालंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गॅरेजात सगळं सुतातच बोलतात, आणि मीही तसं बोलायला शिकले होते.

"लांबच हाय," ते शांतपणे म्हणाले. "लांबच करावं लागलं."

"का?"

"गाडीला जुना मार हाय, बाई. डाव्या अंगाला. चाक आणि केबिन दोन्ही थोडे मागं सरकलेत. म्हणून केबिनपासून जाळीपर्यंत इकडं जागा जास्त हाय. मडगार्ड बरोबर हाय, गाडीच टेढी हाय."

एवढंच ते बोलले. डेंटरनं गाडीबद्दल बोलावं तेवढंच. पण मला ते बाबांबद्दल बोलल्यासारखं लागलं.

"शक्यच नाही," मी म्हणाले. "ही गाडी माझ्या वडिलांनी चालवली. एकट्यानं. तिला कधी ओरखडासुद्धा आला नाही."

"वडिलांचं मी काय बी बोलून न्हाई राहिलो. लोखंड सांगतंय तेवढं सांगतो. सुतळी लावून बघू. ओळंबा हाय माझ्याकडं. अर्ध्या तासाचं काम."

मी सुतळी लावू दिली नाही. हे मी पुन्हा लिहिते, कारण मनात मी हे वाक्य नेहमी घाईनं ओलांडून जाते. त्यांनी मोजून बघू म्हटलं, आणि मोजमाप शिकवणारी मी नको म्हणाले. उलट त्यांना एक धडा दिला. बलबीर होता, शेजारचा पंक्चरवाला होता, त्यांच्या देखत. दोन्ही बाजू सारख्या असायला हव्यात, मूळ कंपनीनं सारख्याच केल्या होत्या, मागची कड तीन सूत कापली आणि मडगार्ड मागे सरकवलं की चाक आपोआप मधोमध येईल. टेपची पट्टी त्यांच्यासमोर धरून मी बोलत होते. वर्गात बोलते तशी.

उस्तादांनी मडगार्डच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कापलेला पत्रा वाढत न्हाई, बाई."

"मी जबाबदार," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि ग्राइंडर उचललं. ठिणग्या उडाल्या. तीन सुतांची ती पट्टी सापाच्या कातीसारखी वळत खाली पडली. मडगार्ड मागे सरकवलं. चाक मधोमध आलं, आणि पुढे जाळीपाशी करंगळी जाईल एवढी फट पडली. बोनेटची कड बसेना. मागून जुळवावं तर पुढे उघडं पडतं, पुढून जुळवावं तर मागे. तो पूर्ण आठवडा उस्तादांनी ती फट झाकण्यात घालवला. पट्टी जोडली, झाळली, पुट्टी भरली, रबर लावलं. पण वाकडं ते वाकडंच. रंग चढल्यावर तर ती फट काजळ घातल्यासारखी उठून दिसायला लागली.

मी मनात म्हटलं, बनवतानाच कुठेतरी चुकलं असणार त्यांचं.

विजयादशमीची सकाळ स्वच्छ होती. निळ्या रंगाची पिकअप, झेंडू, पांढऱ्या साडीतली माय, सगळं मनातल्या चित्रासारखं. विहारासमोर गर्दी. बाबांच्या वयाची माणसं गाडीला हात लावून डोळे पुसत होती. नांदेडहून उस्ताद आणि बलबीर आले होते. बलबीरच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. उस्तादांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. ते गाडीजवळ आले नाहीत, पिंपळाखाली उभे राहिले.

लातूरहून आमच्या विभागातले मोरे सरही आले होते. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, पुढे थांबले, वाकले आणि त्या फटीत बोट घातलं.

"काय मॅडम! सर्वेक्षणाच्या बाईंच्या गाडीला ही फट?"

सात-आठ जण हसले. मीही हसले. आणि तोंडातून आलं, "काय करणार सर. उस्तादांचा हात चांगला होता हो एके काळी, पण आता डोळ्यांनी नीट दिसत नाही त्यांना. वय झालं."

सगळ्यांनी माना हलवल्या. वय कुणाला चुकलंय, असं कुणीतरी म्हणालं. मी वळले तर मागे बलबीर उभा होता. पेढ्यांचा बॉक्स उघडून माझ्यासमोर धरलेला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. एखादी गोष्ट अचानक लक्षात यावी तसा तो माझ्याकडे बघत होता. मी पेढा घेतला. पिंपळाखाली पाहण्याचं धाडस झालं नाही. तिथपर्यंत आवाज गेला होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय आणि मी अंगणात बसलो होतो. गाडी समोर उभी होती. मी सहज म्हणाले, "माय, तो उस्ताद म्हणत होता, गाडीला जुना मार आहे म्हणून. काहीही बोलतात लोक."

माय शेंगा फोडत होती. थांबली. "हाय की," म्हणाली.

"काय आहे?"

"मार. तू चौथीत असशील. बारडच्या रस्त्याला चिंचेच्या झाडावर गेली होती. डाव्या अंगानं."

"बाबा चालवत होते?"

"साहेब चालवत होता. शिकायची हौस आली होती त्याला. तुझा बाप बाजूला बसला होता." शेंगेचं टरफल तिनं बोटांनी चुरलं. "कागद आला तवा नाव ड्रायव्हरचं आलं. सही केली त्यानं. तुम्ही दोघं लहान. नोकरी पाहिजे होती. पगारातून कापून घेतले वरून."

"आम्हाला कधी सांगितलं नाही."

"लाज वाटायची त्याला. चुकीची न्हाई. सहीची."

माझ्या हातून ओरखडा आला नाही, असं बाबा म्हणायचे. माझ्या हातून. त्या दोन शब्दांवर ते किती सांभाळून उभे होते, आणि आम्ही पोरं नुसत्या ओरखड्यावर टाळ्या वाजवत होतो.

मी उठले. घरातून सुतळी आणि खडू आणला. ओळंबा बाबांच्या पेटीत होता. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसाची टोकं ओळंब्यानं जमिनीवर उतरवली, खुणा केल्या आणि आडवे कर्ण मोजले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवते. चौकोन काटकोनात आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका, कर्ण मोजा, दोन्ही सारखे आले तर खरा. इथे एक कर्ण दुसऱ्यापेक्षा पाच सूत मोठा आला. पुन्हा मोजला. पाच सूत. उकिडवी बसून मी त्या खुणांकडे बघत राहिले.

उस्तादांना दिसत होतं. आम्हा सगळ्यांत त्यांनाच दिसत होतं. आणि मी, एका ड्रायव्हरची मुलगी, माझी चूक त्यांच्या नावावर चढवून पेढा खाऊन आले होते. सहीसुद्धा न मागता.

कुणालाही वाटेल की मी त्याच दिवशी नांदेड गाठलं असेल. मुदखेडहून नांदेड असं कितीसं दूर. मी लातूरला परत गेले. पेपर तपासायचे होते. मग दिवाळी आली. मग थंडी. फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. समोर बसून सांगू, असं म्हणायचे, आणि समोर जायचे नाही. वर्गात कर्णाचा धडा आला तेव्हा मी तो एका सहकाऱ्याला घ्यायला सांगितला.

फेब्रुवारीत परीक्षेच्या कामानं नांदेडला जावं लागलं तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. लांबूनच कळलं की काहीतरी बदललंय. ठोक्यांचा आवाज नव्हता. मागच्या मोकळ्या जागेत सीटकव्हरांचे गठ्ठे रचलेले होते. उस्ताद पुढे काउंटरमागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर काचेच्या पेटीत किल्ल्यांना लावायच्या कीचेन आणि सुगंधाच्या बाटल्या. मला पाहून उठायला लागले.

"बाई! बसा बसा. बलबीर, चहा सांग."

मी विचारलं, काम बंद केलं का.

उत्तर बलबीरनं दिलं. मला थोडं बाजूला नेऊन, हळू आवाजात. "म्याडम, तुमचे आभारच मानायला पाहिजेत. आम्ही रोज सोबत राहून आम्हाला कळलं न्हाई. तुम्ही त्या दिवशी बोलला तवा ध्यानात आलं. घरी येऊन अब्बांना म्हटलं..." वडिलांना तो गल्लीतल्या पोरांसारखा अब्बाच म्हणायचा. "म्हटलं, आता बस. लोकाच्या गाड्या हायत, नुकसान नको. डॉक्टरला दाखवलं. थोडा मोतीबिंदू हाय म्हणे, वयाच्या मानानं. मग हत्यारं बांधून माळ्यावर ठेवली. दोन दिवस जेवले न्हाईत. मग ऐकलं."

चहा आला. मी प्याले. उस्ताद समोर बसून माझ्या नोकरीबद्दल, मायच्या गुडघ्यांबद्दल विचारत होते. त्यांचे हात काउंटरच्या काचेवर पडून होते. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "एक कीचेन द्या." ते घेऊन मी बसमध्ये बसले. अहमदपूर येईपर्यंत ते मुठीत होतं.

एप्रिलमध्ये अखेर मी मुदखेडच्या मिस्त्रीला घेऊन पिकअपच नांदेडला नेली. दुकानासमोर उभी केली. भर दुपार होती, गल्लीत गिऱ्हाईक नव्हतं. उस्तादांसमोर उभी राहून मी सगळं सांगितलं. गाडीला मार होता. मायनं सांगितलं. मी मोजलं. तुमचं मडगार्ड बरोबर होतं, तुम्ही नको म्हणत होता, मी कापायला लावलं. आणि लोकांसमोर तुमच्या डोळ्यांवर ढकललं. मी खोटं बोलले, उस्ताद. माझी चूक होती.

मला वाटलं आता चिडतील. चिडावं अशी माझी फार इच्छा होती. ते उठून आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमचं मन लई मोठं हाय, बाई," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढ्या लांब आलात."

"उस्ताद, मी खरं सांगते आहे."

"मला बी तवा वाटलं होतं, गाडी टेढी हाय. पण तुम्ही शिकलेल्या. टेप लावून बोलत होता. रातभर विचार केला, म्हटलं आपल्याच हाताला चुकीचं लागत असंल. मग बलबीर पण तेच बोलला. दोन माणसं बोलली की खरं असतं. आता काय वाईट वाटून घेऊ नका."

मी सुतळी काढली. एक टोक त्यांच्याकडे दिलं. म्हटलं, तुम्ही धरा, मी मोजते, तुमच्यासमोर मोजते. त्यांनी टोक घेतलं नाही. "बलबीरला द्या. मला खूण दिसणार न्हाई," म्हणाले आणि आत जाऊन खुर्चीवर बसले.

बलबीरनं टोक धरलं. आम्ही दोघांनी रस्त्यावर वाकून खुणा उतरवल्या. पहिला कर्ण मोजला. दुसरा मोजला. बलबीरनं स्वतः टेप वाचली. पुन्हा वाचली. मग तो जमिनीवरच बसला, उन्हात, तापलेल्या डांबरावर.

"म्याडम," तो म्हणाला, "मी हत्यारं काढून घेतली त्यांची. रडत होते ते. मी काढून घेतली."

त्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, एवढाच त्याचा गुन्हा. मी त्याच्याशेजारी उभी राहिले, त्याच्या डोक्यावर माझी सावली पडेल अशी. मला करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

त्यानंतर काय झालं तेही सांगते. बलबीरनं माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. सीटकव्हरांचे गठ्ठे हलवून मागची जागा मोकळी केली. वडिलांच्या पाया पडला. बरेच दिवस उस्ताद गाठोड्याला शिवले नाहीत. मग एके सकाळी आपणहून सोडलं, असं त्यानं मला फोनवर सांगितलं. तेव्हा मी स्टाफरूममधून बाहेर जाऊन जिन्यात बसले होते. मोरे सरांनाही मी खरं काय ते सांगितलं, आणि विहारातल्या लोकांनाही. ते म्हणाले, अहो, एवढं काय त्यात. कुणाच्या ते लक्षातही नव्हतं. जिथे ते वाक्य लागायचं होतं तिथे लागून गेलं होतं.

नवं मडगार्ड करून द्या, असं मी उस्तादांना म्हणाले नाही. म्हणण्याचा हक्क मला नाही. पिकअप आजही तशीच आहे, जाळीपाशी ती फट घेऊन. माय म्हणते, राहू दे, हवा जाते.

गेल्या महिन्यात मी पुन्हा गेले होते. मोंढ्याबाहेर नवं सोयाबीन यायला सुरुवात झाली होती, बसच्या खिडकीतून तेच भुसकट आत येत होतं. उस्ताद मागच्या जागेत बसले होते. समोर एका स्कूटरचं मडगार्ड. मोगरी चालत होती, तीच लय, तेच हलके ठोके. मी दारात उभी राहून ऐकत होते. छातीवरचं काहीतरी थोडं हललं. एवढ्यात ते थांबले. पत्रा उजेडाकडे धरला.

"बलबीर, ए बलबीर! बघ रे जरा. बरोबर हाय का?"

बलबीर गिऱ्हाईक सोडून आत आला. बघितलं. "एकदम बरोबर, अब्बा." तो परत गेला. चार ठोके झाले. पुन्हा हाक. बलबीर पुन्हा आला. त्याच्या येण्याजाण्यावरून कळत होतं की हे दिवसभर चालतं. ते सहा महिने मी या माणसाच्या शेजारी उभी होते आणि त्यांनी एकदाही कुणाला काही विचारलं नव्हतं.

मग त्यांना मी दिसले. चेहरा उजळला. "बाई! बरं झालं आलात. तुम्ही मोजायच्या कामातल्या. बघा बरं, बरोबर हाय का?"

मी पुढे झाले. पत्र्यावर हात फिरवला. गुळगुळीत होता, पाण्यासारखा.

"बरोबर आहे, उस्ताद. अगदी बरोबर आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं, प्रेमानं, समजुतीनं. मग ते मडगार्ड काखेत घेऊन उठले आणि रस्ता ओलांडून शेजारच्या पंक्चरवाल्याकडे गेले.

"भाऊ," त्यांचा आवाज आला, "जरा बघ रे. बरोबर हाय का?"